अर्धा फेरा

आत्याच्या मते जगात माणसं सहा-सात प्रकारचीच असतात आणि फरक असतो तो फक्त डोक्यात. डोक्यात म्हणजे बुद्धीत नव्हे, डोक्यावर. स्क्रूच्या असतो तसा. कुणाच्या डोक्यावर एकच सरळ चीर, कुणाच्या डोक्यावर फुली, कुणाला चौकोनी खळगा, तर कुणाला सहा पाकळ्या. "माणूस वाईट नसतो," ती म्हणायची, "आपणच भलता पेचकस घेऊन गेलेलो असतो."

हे ती म्हणायची कुणाला, ते विचारू नका. बहुतेक वेळा छतावरच्या पंख्याला.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खिडकी, एक खुर्ची (दुसरी होती, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसायचे) आणि भिंतीवर लाकडाची एक लांब पट्टी. पट्टीला ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकात एक पेचकस, मूठ वर करून उभा. डावीकडून मायनसवाले चार, बारीकपासून रुंदापर्यंत. मग फुलीचे तीन. मग चौकोनी टोकाचा, मग सहा कोनांचा, मग सहा पाकळ्यांचा, मग तीन कोनांचा एक चिमुकला. आणि अगदी उजवीकडे एक भोक रिकामं.

आत्याने एकतीस वर्षं विजेच्या मीटरच्या कारखान्यात काढली होती, शेवटच्या टेबलावर. मीटर तयार होऊन तिच्यापुढे यायचा, ती झाकण लावायची, चार स्क्रू कसायची आणि पुढे ढकलायची. बसली की उठायची जेवायलाच. किती मीटर बंद केले असतील, याचा तिने एकदा हिशेब करायला घेतला होता, पण मध्येच झोप लागली.

आणि ती कुणाची आत्या? तर आता कुणाचीच नाही. भावाची दोन मुलं लहानपणी तिच्याकडे राहायची. दिवसभर जिन्यातून "आत्या, भूक! आत्या, हा बघ मारतोय!" असा पुकारा चालायचा, तो ऐकून अख्खी इमारत तिला आत्या म्हणायला लागली. मग भाऊ बायको-मुलांसकट दूर देशी गेला. भाचरं गेली, आत्या राहिली.

निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सकाळी उठल्यापासून तोंडातून पहिला शब्द पडायला कधीकधी दुपारचे तीन वाजतात. तोही इतका घोगरा यायचा, की वाटावं आत दुसरंच कुणीतरी आहे. म्हणून बाहेर पडण्याआधी ती दाराआड उभी राहून घसा साफ करायची, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." सभेआधी लाउडस्पीकर तपासतात ना, अगदी तसं. फक्त पुढे सभा नसायची.

अशात शेजारच्या बंद खोल्यांमध्ये टेलरबाई राहायला आली.

चाळिशीची, उंच, ओठात कायम चार टाचण्या धरलेल्या. त्या न काढता ती बोलायची, भांडायची आणि हसायचीसुद्धा. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. "माझं लग्न फोनशी झालंय," ती सांगायची. शाळांचे गणवेश शिवायची. सकाळी नऊला तिची मशीन सुरू झाली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, आणि आत्याला वाटायचं, चला, कुणीतरी बोलायला लागलं.

आठच दिवसांत त्या बोलण्यात खटखट आली. आत्याने भाजी चिरता चिरता हात थांबवला. कान तयार होता तिचा. पट्टी ढिली, तिने ओळखलं. सुईखालची चकचकीत पट्टी असते ना, दोन स्क्रूंवर बसलेली, तीच. पण आपण होऊन जायचं? कशी? काय म्हणून? ती भाजी चिरत राहिली. तासाभराने तिचंच दार वाजलं.

"तुम्हीच ना त्या आत्या? खालचे आजोबा म्हणाले, तुमच्याकडे पेचकसांचं दुकान आहे."

"दुकान नाही हो," आत्या म्हणाली. आवाज घोगरा आला. एक-दोन-तीन करायचं राहून गेलं होतं.

मशीनजवळ वाकून तिने स्क्रू पाहिला आणि चष्म्यावरून टेलरबाईकडे पाहिलं. "सुरीने फिरवलात ना?"

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"डोकं खाल्लंय त्याचं. चिरेच्या कडा बघा, कशा कुरतडल्यासारख्या झाल्यात."

"मशीनबरोबरचा पेचकस सामान हलवताना हरवला. आणि डोकं म्हणाल तर गिऱ्हाइकं माझंही खातात, माझ्यावर दिसते का कुठे खूण?"

आत्या हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. गालाला जरा ताण बसल्यासारखं वाटलं. तिने भिंतीवरच्या पट्टीतला रुंद मायनस आणला होता. "हे बघा, मायनस म्हणजे सगळ्यात गरीब जात. कशानेही फिरतो. सुरी, नाणं, नखसुद्धा. म्हणून जो येतो तो त्याच्यावर हात साफ करतो. खरं तर त्याला चिरेच्या मापाचाच पेचकस लागतो, चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारीक घेतलात की घसरतो आणि कडा खातो."

तिने कुरतडलेला स्क्रू टाकून खिशातल्या डबीतला नवा बसवला. एकदा कसून पाहिला, काढला, डोक्याखाली कानशीचा हलका हात मारला, पुन्हा कसला. आता दोन्ही स्क्रूंच्या चिरा सरळ उभ्या आल्या, बारावर काटे असावेत तशा.

"हे काय शोभेला?"

"कारखान्यातली सवय. घट्ट बसल्यावर चीर बारावर यायला हवी. मग नुसतं बघून कळतं, कुणी हललंय का. बाहेर बारा वाजले म्हणजे वाट लागली, आमच्याकडे बारा वाजले म्हणजे काम पास."

टेलरबाईने चहा केला. आत्याने तिला मशीनच्या तेलापासून मीटरच्या सीलपर्यंत सगळं सांगितलं आणि मध्येच गप्प झाली. आपण फार बोललो, असं तिला वाटलं. पण टेलरबाई म्हणाली, "थांबलात का? आणि आत्या, मला अहो-जाहो नका करू. मला माझी सासू आठवते."

त्या दिवशी आत्या खोलीत परतली आणि तिने इस्त्रीचे कपडे दुसऱ्या खुर्चीवरून उचलले. तशी काही गरज नव्हती.

मग महिनाभर काही नाही. मशीन सुरेख चालू होती. जिन्यात भेट व्हायची, पण टेलरबाईच्या हातात कापडाचे गठ्ठे आणि ओठात टाचण्या. "बरंय ना आत्या?" "बरंय." संपलं. आत्या दाराआड एक-दोन-तीन करायची आणि तो आवाज तसाच न वापरलेला घरी आणायची.

पुढे मशीनच्या लाकडी झाकणाची बिजागरी निखळली आणि दार पुन्हा वाजलं. या वेळी आत्या काय घेऊन गेली असेल? भिंतीवरची अख्खी पट्टी! बिजागरीला फुलीचा एक पेचकस पुरला असता. पण टेलरबाईने विचारलं असतं, हा कशाला आणि तो कशाला, आणि तेवढ्यासाठीच तर...

टेलरबाईने विचारलंच. "एवढी फौज? एकाच डोक्याचे स्क्रू केले असते तर काय बिघडलं असतं?"

"एकाच मापाचे कपडे शिव ना तूही सगळ्यांना."

"बरं बाई, हरले. सांगा."

आत्याला आणखी काय हवं होतं! "ही फुली. घाईवाल्यांची. पेचकस टेकवला की आपोआप मधोमध बसतो, शोधावं लागत नाही. पण जास्त जोर केलास की हात झटकून बाहेर फेकते. हा चौकोनी, मोठा विश्वासू. हात सोडलास तरी स्क्रू टोकाला धरून बसतो, पडत नाही. हा सहा कोनांचा, अडचणीच्या जागी कामाचा, पण मापात केसाएवढा फरक पडला तरी कोन झिजतात आणि मग नुसता गरगर फिरतो. आणि या सहा पाकळ्या. समजूतदार! जोर सहा जणींत वाटून घेतात, म्हणून कुणा एकीचं डोकं जात नाही."

"एकत्र कुटुंब म्हणा की. आणि मी कोण यातली?"

"तू फुली."

"म्हणजे?"

"पटकन जमतं तुझ्याशी. येईल त्याला बरोबर मधे बसवून घेतेस. पण कुणी जोर करून दाखवावा."

टेलरबाई इतकी हसली की टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. "आणि तुम्ही? हे रिकामं भोक कुणाचं?"

आत्याने त्या भोकावरून अंगठा फिरवला. "ते असंच," ती म्हणाली.

असंच नव्हतं ते. मीटरच्या झाकणाला जे चार स्क्रू लागायचे, त्यांचं डोकं एकतर्फी असायचं. चीर होती, पण तिची एकच बाजू उभी, दुसरी उतरती. कसायला गेलं की पेचकस धरला जायचा, उघडायला गेलं की उतारावरून निसटायचा. एकदा बसला की बसला. त्याला कसायचा पेचकस होता, उघडायचा पेचकस पट्टीवर नव्हताच. म्हणून आत्याने त्याच्या नावाचं भोक पाडून रिकामं ठेवलं होतं. आपल्या मनाशी केलेला विनोद. पण असले विनोद चहाच्या कपावर कसे सांगायचे?

निघताना तिने सवयीने सुईखालच्या पट्टीवर पेचकस टेकवला. थोडं सोडून पुन्हा कसायचं, म्हणजे पक्कं. उजवा स्क्रू अर्धा फेरा सोडला. आता अर्धा फेरा परत कसायचा.

हात थांबला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चीर म्हणजे एक सरळ रेघ. तिला वर-खाली असं काही नसतं. अर्धा फेरा फिरवा, खालचं टोक वर येतं, वरचं खाली जातं आणि चीर पुन्हा उभीच दिसते. बाराच वाजलेले दिसतात. बघणाऱ्याला काय कळणार?

"झालं?" स्वयंपाकघरातून टेलरबाईने विचारलं.

"झालं," आत्या म्हणाली.

सोळाव्या दिवशी दार वाजलं. "आत्या, खटखट सुरू झाली हो परत!"

तेव्हापासून मग तसंच होऊ लागलं. दोन-तीन आठवडे गेले की भिंतीपलीकडे आधी एक बारीक किणकिण, मग खटखट, मग मशीन बंद, मग चपलांचा आवाज, मग दार. आत्याला क्रम पाठ झाला. किणकिण ऐकू आली की ती केस विंचरायची. चहा, बिस्किटं, बोटीवरच्या नवऱ्याच्या गमती, शाळेच्या मुख्याध्यापिकेची नक्कल. एकदा टेलरबाईने आत्याच्या जुन्या झग्याचा उसवलेला खिसा बोलता बोलता शिवून दिला. निघताना पेचकस उजव्या स्क्रूवर टेकायचा आणि अर्धा फेरा मागे राहायचा.

"या मशीनला तुमची आठवण येते बहुतेक," टेलरबाई म्हणायची.

आत्या चटकन तिच्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं! पण टेलरबाई कप विसळत असायची. आत्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी आत्या पेन्शनच्या कचेरीत होती. वर्षातून एकदा तिथे जाऊन आपण जिवंत आहोत, असं लिहून द्यावं लागतं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "स्वतः आलात का?"

"नाही, मी गेले आणि दुसरी कुणीतरी आली," असं म्हणायचं फार मनात होतं. पण ती म्हणाली, "हो." शिक्का बसला. आत्या अधिकृतपणे जिवंत झाली आणि घरी आली.

शेजारचं दार सताड उघडं होतं. आत एक अनोळखी माणूस हत्यारांची पेटी आवरत होता आणि टेलरबाई खुर्चीत बसली होती. डाव्या डोळ्याखाली कापूस आणि पट्टी.

"काय झालं गं?"

"काही नाही, सुई मोडली. पट्टी सरकली, सुई वरून दाणकन आपटली तिच्यावर आणि तुकडा उडाला. बोटभर वर लागला असता तर तुमची टेलरबाई काणी झाली असती." ती हसत होती, पण गाल हलला की थांबत होती. "तुमचं दार वाजवलं, तुम्ही नव्हता. मग या मशीनवाल्यांना बोलावलं."

मशीनवाल्याने आत्याकडे पाहून मान डोलावली. "आटे चांगले आहेत. पण स्क्रू कसलेलेच नव्हते, विशेषतः उजवा. कुणी बसवले होते कोण जाणे."

"आमच्या या आत्यांनी," टेलरबाई ताडकन म्हणाली. "आणि एकतीस वर्षं स्क्रूच बसवलेत त्यांनी, समजलं? त्यांच्या हातचा ढिला राहायचा नाही. तुमचे आटेच गेले असतील."

"माझे नाहीत हो, मशीनचे बघतोय मी. असेल बाबा, हादऱ्याने सैल झाला असेल. जाऊ द्या. मी फुलीचे टाकलेत आता, बॅटरीच्या मशीनने. वर्षभर हलायचे नाहीत."

आत्याने मशीनकडे पाहिलं. चिरांच्या जागी दोन फुल्या, एक वाकडी, एक तिरकी. बॅटरीच्या जोराने कडा चकाकत होत्या, डोकी खाल्लेली. तिने तोंड उघडलं. आता म्हण. म्हण ना! पण शब्द कुठेतरी उतारावरून निसटला आणि ती "जप हं" एवढंच बोलून घरी आली.

मशीन सुरू झाली. खटखट नाही, किणकिण नाही. सलग, गुळगुळीत आवाज. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. आत्या भिंतीला पाठ लावून बसायची. पूर्वी तिला वाट बघण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा असं होत नव्हतं. आता भिंतीपलीकडे माणूस होतं, ते तिच्या बाजूने भांडलं होतं, आणि तेच सलत होतं. टेलरबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्यांच्या हातचा ढिला राहायचा नाही!" हे वाक्य खोलीत फिरत राहायचं. पंख्याला सांगून पाहिलं. पंखा फिरला.

न सांगितलं तर काय होणार होतं? काहीच नाही. जिन्यात "बरंय ना?" "बरंय." सांगितलं, तर तेही जाणार.

नवव्या दिवशी तिने टेलरबाईचं दार वाजवलं. वाजवताना तिच्या ध्यानात आलं, की इतक्या महिन्यांत हे दार आपण एकदाही वाजवलेलं नाही.

"या या! काय मोडलं?" टेलरबाईच्या गालावर आता बारीक तांबडी रेघ होती.

आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. "तो स्क्रू आपोआप ढिला होत नव्हता. मी सोडायचे. अर्धा फेरा. दर वेळी."

टेलरबाईने ओठातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. चार. "का?"

"तू बोलवायला यावंस म्हणून."

मागे मशीनवर अर्धा गणवेश लोंबत होता. कुठेतरी खाली नळ सुरू होता, तो बंद झाला.

"डोळा गेला असता माझा," टेलरबाई म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, हे वाईट. "मी त्या माणसाशी भांडले तुमच्यासाठी."

"हो."

"हो काय हो? चहाच हवा होता ना? मग दार वाजवायचं! हात आहेत ना? एवढे सगळे पेचकस ठेवलेत भिंतीवर, आणि दार वाजवता येत नाही?" मग तिचा आवाज फाटला. "जा तुम्ही आता."

आत्या गेली. हात झटकून बाहेर फेकते, असं तिनेच तर म्हटलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात काही झालंच नाही. पेचकस रोज पुसले जात होते. इस्त्रीचे कपडे दुसऱ्या खुर्चीवर परत आले. जिन्यात चपलांचा आवाज आला की आत्या दाराआड थांबायची आणि आवाज खाली गेला की मग बाहेर पडायची. भावाचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "तुझा आवाज असा का येतोय? लाइन खराब आहे का?"

"लाइनच असेल," आत्या म्हणाली.

आणि एका दुपारी, चारच्या सुमाराला, दार वाजलं. टेलरबाई. हातात बटणांचा पत्र्याचा डबा. हसणं नाही, आत येणं नाही.

"मोडलेल्या सुईचं टोक आत राहिलंय. इतके दिवस कुठेतरी अडकलं होतं, आता टिकटिक वाजतं. पट्टी काढायची, तर त्या फुल्या निघत नाहीत. मशीनवाला पुढच्या आठवड्यात म्हणतो, आणि मला परवा साठ गणवेश द्यायचेत." तिने डबा उघडला. बटणांत दोन जुने मायनस स्क्रू. "हे जपून ठेवले होते. हेच बसवा. मी समोर उभी राहणार आहे."

आत्या फुलीचा मोठा आणि मायनसचा रुंद पेचकस घेऊन तिच्यामागे गेली आणि मशीनपाशी वाकली. "एक रबरबँड दे." रबराचा तुकडा खाल्लेल्या डोक्यावर ठेवून, त्यावर पेचकस दाबून, अंगाचा भार देऊन तिने सावकाश फिरवलं. रबर झिजलेल्या खळग्यात भरला आणि फुली कुरकुरत सुटली. मग दुसरी. पट्टी उचलली. खाली, कापसाच्या भुग्यात, सुईचं टोक चमकत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. टेलरबाईने ते चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं आणि टाचण्यांच्या उशीत खोचलं.

मायनस स्क्रू बसले. आत्याने पूर्ण कसले, मनगट दुखेपर्यंत. दोन्ही चिरा उभ्या.

"बारा," टेलरबाई वाकून म्हणाली. "आता बरं. फुलीत काही कळत नाही, सगळीकडून सारखीच. ही चीर मी रोज सकाळी बघणार. उभी असली म्हणजे घट्ट. बरोबर ना?"

आत्याच्या हातात अजून पेचकस होता. बरोबर, एवढं म्हणायचं होतं. एकच शब्द. मग पुढे कधीतरी, सहा महिन्यांनी, सगळं शांत झाल्यावर... अर्ध्या फेऱ्याला कितीसा वेळ लागतो?

"नाही," आत्या म्हणाली.

"काय नाही?"

"उभी असली तरी ढिली असू शकते. अर्धा फेरा सोडला की चीर पुन्हा उभीच दिसते. मी तेच करायचे. फुली पाव फेऱ्यात फसवते, मायनस अर्ध्यात." ती खाली बघून बोलत होती. "तुझ्याकडे नखाला लावायचा रंग आहे? लाल?"

टेलरबाईने पुन्हा वाकून त्या चिरा पाहिल्या. मग आत गेली आणि बाटली घेऊन आली. आत्याने काडीच्या टोकाने दोन्ही चिरांच्या वरच्या टोकाला एकेक ठिपका दिला. फार बारीक. हात जराही हलला नाही, हे काम तिने आयुष्यभर केलं होतं.

"हा ठिपका वर असला, तरच बारा. खाली गेला म्हणजे कुणीतरी हात लावलाय. कारखान्यात असंच करायचो. मी तुला सांगितलं नव्हतं."

रंग वाळेपर्यंत दोघी उभ्या होत्या. चहाचं कुणी नाव काढलं नाही. टेलरबाईने मशीन चालवून पाहिली. एक लांब सलग शिवण, टिकटिक नाही, काही नाही. आत्याने पेचकस उचलले, खाल्लेल्या दोन फुल्या खिशात टाकल्या आणि ती दाराकडे वळली.

"आत्या."

"हं?"

"आता हे ढिलं व्हायचं नाही ना?"

"नाही. वर्षानुवर्षं नाही."

टेलरबाईने मान हलवली आणि ओठात टाचण्या धरल्या. म्हणजे बोलणं संपलं.

रात्री आत्याने फुलीचा पेचकस पट्टीवर जागच्या जागी ठेवला. सकाळी उठली, तेव्हा भिंतीपलीकडे मशीन चालू होती. दुपारपर्यंत चालू होती. साठ गणवेश! आत्या जेवली, भांडी घासली, पेचकस पुसायला घेतले आणि पुसायचे ठेवून दिले. तीन वाजले. साडेतीन. तिने केस विंचरले. मग स्वतःलाच रागावली आणि बसून राहिली. मग उठली.

दाराआड उभी राहून म्हणाली, "हॅलो, हॅलो. एक, दोन." तीन म्हणायच्या आत ती बाहेर आली होती. जिन्यात तिने खाली पाहिलं. हात रिकामे. पट्टी नाही, पेचकस नाही, खिशात डबीसुद्धा नाही. रिकामे हात ठेवायचे कुठे, हे तिला कळेना. एक झग्याच्या खिशात घातला, त्याच खिशात, टेलरबाईने शिवलेल्या. दुसऱ्याने दार वाजवलं.

मशीन चालूच राहिली. तिने पुन्हा वाजवलं, जरा मोठ्याने.

"कोण?" आतून आवाज आला, टाचण्यांतून.

"मी."

"काय मोडलंय?"

"काही नाही," आत्या म्हणाली. आवाज स्वच्छ आला, तिचं तिलाच नवल वाटलं. "काहीच मोडलेलं नाही."

आत मशीन थांबली.